‘आधी रंगवून आणा’ म्हणाले म्हणून रंगवू नका

भाऊ, पोस्ट वाचली. आजोबांची १९६३ ची फियाट, नागपुरात महाल भागातल्या वाड्यात झाकून ठेवलेली, अंगावर कंपनीचाच रंग, तोही जागोजागी उडालेला. विंटेज नोंदणीची चौकशी करायला गेलात तर आरटीओच्या खिडकीवरून उत्तर आलं, ‘आधी डेंटिंग-पेंटिंग करून आणा, मग बघू.’ हे वाक्य मीही ऐकलंय. माझी गाडीही त्याच काळातली डुक्कर फियाट. तेव्हा गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स द्यायच्या आधी एवढं वाचा.

मी वकील नाही, एजंट तर नाहीच. नियम आणि फी बदलत असतात, त्यामुळे आकडे स्वतः एकदा तपासून घ्या. वारसाच्या नावावर आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), विमा, पोर्टलवरची बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून सोडतो. आरसी अजून आजोबांच्याच नावावर असेल तर मात्र तेच आधी उरका.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली (मॉडेलच्या वर्षापासून मोजू नका), मूळ रूपात जपलेली आणि चेसिस (खालचा सांगाडा), बॉडी शेल (वरचा पत्र्याचा साचा), इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी म्हणजे विंटेज. अर्ज फॉर्म २० वर, प्रमाणपत्र फॉर्म २३-अ मध्ये, तेही ६० दिवसांत द्यायचं असतं. आधी नोंद झालेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नवीन नोंदणीला २०,००० आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. तुमच्याकडून यातली कुठली फी घेणार, हे चलन भरायच्या आधीच विचारून ठेवा.

आता माझं काय झालं ते. कुठलं कार्यालय ते सांगत नाही, आपल्या भागातलं होतं एवढं पुरे. तिथल्या बाबूंनी माझा अर्ज बघितला न बघितला आणि फाइल साध्या नूतनीकरणात टाकली, म्हणजे पंधरा वर्षं झालेल्या कुठल्याही गाडीला लागतो त्या फॉर्म २५ च्या ढिगात. तिथून सगळंच वाकडं होत गेलं. तपासणीला आलेले साहेब टॉर्च मारून दाराखालचा गंज बघतात, स्टिअरिंगच्या चिरा बघतात, बॉनेटवर बोट फिरवून म्हणतात, ‘अशी गाडी पास करू कशी?’ मी म्हणून राहिलो, साहेब, ती अशी आहे म्हणूनच तर आणली. ते हसले. हेच लेखी द्या म्हटलं तर त्याहून जास्त हसले. मग त्यांची बदली झाली, नवे साहेब आले आणि विचारतात की विंटेज करायची आहे तर फाइल नूतनीकरणात कशाला टाकली? म्हणजे तेही मीच सांगायचं! त्यात एक अख्खा नागपुरी उन्हाळा गेला, आणि त्या उन्हात गाडी कार्यालयाच्या आवारात उभी करून काचेचं रबर तडकलं ते वेगळंच. त्या रबराचा राग अजून गेलेला नाही.

फाइल हलली ती दोन कागदांनी. राजपत्रातल्या व्याख्येची प्रत लावून एक पत्र दिलं: माझी गाडी या व्याख्येत बसते, रंगवण्याची अट कुठल्या नियमात आहे ते लेखी कळवावं. आवक शिक्का मारलेली प्रत हातात घेतल्याशिवाय तिथून उठलो नाही. आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात विचारलं की माझी फाइल कोणाकडे, कधीपासून आणि का पडून आहे. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खिडकीवर भांडून काही होत नाही, कागदाला मात्र घाबरतात.

माझं मत, पटलं तर घ्या: ब्रेक, लाइट, हॉर्न, टायर यांवर अडवलं तर ते बरोबरच आहे, दुरुस्त करून न्या. नवीन टायर, होजपाइप, ब्रेकचे रबर घातले म्हणून गाडीचं मूळपण जात नाही. रंगाला मात्र हात लावायचा नाही. रंग पुन्हा मारता येतो, कंपनीचा पहिला रंग परत मिळत नाही.

रंग कंपनीचाच असल्याचा पुरावा घरीच जमवा. दाराच्या चौकटी, डिकीच्या मॅटखालचा पत्रा, डॅशबोर्डच्या मागची बाजू अशा ठिकाणी नंतरचा रंग लगेच पकडला जातो. रबराच्या कडेवर रंगाचे शिंतोडे नाहीत, हेही दाखवता येतं. फोटो दिवसाच्या उजेडात काढा. लग्नाचे जुने अल्बम चाळा, नंबरासकट गाडी दिसणारा एखादा फोटो निघतोच. जॅक, पाने, सर्व्हिसची बिलं, काही टाकू नका. हाताने रंगवलेली जुनी नंबर प्लेट तर अजिबात नाही.

एक फार महत्त्वाचं. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट (वर कागद ठेवून पेन्सिलने उठवलेला ठसा) घेताना काही पोरं नंबर नीट उठावा म्हणून त्यावर सरळ पॉलिश पेपर घासतात. घासू देऊ नका! नंबरावर घासल्याच्या खुणा दिसल्या की उद्या कोणीही तो खोटा ठरवेल. आदल्या रात्री थोडं तेल लावून ठेवा, सकाळी सुती कापडाने पुसा आणि प्रिंट स्वतः घ्या.

आणि हे करायचंच का, तेही ठरवा. विंटेज नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं, देखभाल, बस. रविवारी पोरांना घेऊन फुटाळा तलावावर चक्कर मारायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं. शिवाय सरकारी कागदावर गाडी विंटेज आहे एवढंच येतं, ती न रंगवलेली आहे याची वेगळी दाद तिथे मिळत नाही. ती हवी असेल तर फिवा या जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं ओळखपत्र बघा. तिथे ३० वर्षांची अट आहे, आणि मूळ स्थितीतली गाडी व रिस्टोअर केलेली गाडी यांचे वर्ग वेगळे धरतात.

जाता जाता पेट्रोलचं. आता पंपावर इथेनॉलचं २० टक्के मिश्रण मिळतं, गाडीतल्या जुन्या इंधन पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) आणि रबरी नळ्या त्यात टिकत नाहीत. इथेनॉल चालेल अशा नव्या बसवा, जुन्या पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, इथेनॉल पाणी ओढतं.

आणि तुमच्या पोस्टमधल्या फोटोत आरसी बुकचं पान उघडं दिसून राहिलंय, चेसिस नंबर स्पष्ट वाचता येतो. तो फोटो आजच पोस्टमधून हटवा आणि नंबर झाकून पुन्हा टाका.