सेल्फ मारला की नुसता घुर्र फिरतो, इंजिन हलत नाही. बेंडिक्स बदलू की अख्खा सेल्फ?

अख्खा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, बदलू नका. तुम्ही लिहिलंय की चार सिलिंडरची डिझेल पिकअप आहे, सकाळी चावी फिरवली की 'टक' होतं, मग मोटर मोकळी पळते, दोन-तीनदा मारल्यावर कधीतरी इंजिन पकडतं आणि मेकॅनिक म्हणतो सेल्फ गेला. अहो, जी मोटर एवढ्या जोमात पळतेय ती गेलेली कशी असेल? मोटरच्या आत फिरणारं आर्मेचर, फील्ड, कार्बन, बॅटरी सगळं ठीक आहे म्हणूनच ती पळतेय. तिचा जोर फ्लायव्हीलपर्यंत, म्हणजे इंजिनच्या जड चाकापर्यंत, पोहोचत नाहीये, इतकंच. तो पोहोचवतो बेंडिक्स: पुढे पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक, मागे क्लच.

आधी आवाज नीट ऐका. टक आणि मागोमाग मोकळी घुरघुर असेल तर बहुतेक वेळा बेंडिक्सचा क्लच घसरतोय, नाहीतर त्याला पुढे ढकलणारा फोर्क तुटून पिनियन जागेवरून हलतच नाहीये. दातावर दात घासल्यासारखी खरखर असेल तर फ्लायव्हीलच्या कडेची दातेरी रिंग बघा. आणि नुसतंच टकटकटकटक होत असेल तर बेंडिक्सला हात लावू नका. तिथे सोलेनॉइड, म्हणजे पिनियन ढकलणारा आणि मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच, आत ओढला जातो, मोटरने करंट घेतला की व्होल्टेज बसतं, धरून ठेवणाऱ्या कॉइलला ताकद उरत नाही, ती सोडते आणि पुन्हा ओढते. बॅटरी, टर्मिनल, अर्थ तपासा. सेल्फ मारताना बॅटरीवर 9.6 व्होल्टच्या खाली जाता कामा नये.

रिंगची शंका फेडायला सोपा उपाय आहे. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हातभर ढकला, म्हणजे क्रँक थोडी फिरते. मग न्यूट्रल करून सेल्फ मारा. दर वेळी अशी जागा बदलली की इंजिन लगेच पकडत असेल तर रिंगचे दात एका जागी खाल्ले गेलेत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनवर अडून ठरावीक दोनच जागी थांबतं, म्हणून रिंग समोरासमोर दोन ठिकाणी झिजते. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरची तीन ठिकाणी. जागा बदलूनही फरक पडला नाही तर सेल्फ खाली उतरवा.

तुमचा प्रश्न वाचून निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा ट्रॅक्टर आठवला. लक्षण अगदी हेच. ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअरच्या फवारण्या सुरू झाल्या की हा ट्रॅक्टर दिवसभर चालू-बंद होतो, टाकी भरायला थांबला की बंद, भरली की पुन्हा सेल्फ. एकाच हंगामात त्याचे दोन बेंडिक्स बदलून झाले होते. दोन्ही वेळा आमच्या धंद्यातल्या एका गृहस्थांनी निदान केलं, 'डुप्लिकेट माल.' तिसऱ्यांदा तोच प्रकार, तोही फक्त सकाळी. निफाडच्या थंडीत घुर्र, ऊन चढलं की एकदम ठणठणीत.

बेंडिक्स काढून हातावर घेतला तर पिनियनचे दात चांगले, कडासुद्धा शाबूत. पण दातांच्या मागचा गळा, जिथे तो क्लचच्या वाटीत शिरतो, तो जांभळट निळा पडलेला. वाटीच्या फटीतून काळं ग्रीस बाहेर आलेलं, काकवीसारखं चिकट, जळका वास. एवढं दिसल्यावर डुप्लिकेट-ओरिजिनलचा वाद तिथेच संपायला हवा होता. लोखंड निळं पडतं ते उष्णतेने, आणि बेंडिक्स इतका तापतो तो इंजिन सुरू झाल्यावरही पिनियन रिंगमध्ये अडकून राहिला तरच.

हिशोब करून बघा. रिंगला 120 दात, पिनियनला 10, म्हणजे 12 ला 1. सेल्फने इंजिन 200 आरपीएमने फिरवलं तर आर्मेचर 2400 ने फिरतं. इंजिन सुरू होऊन 1500 ला गेलं आणि पिनियन आतच असेल तर पिनियन 18000 ने फिरणार. तेवढ्या वेगाने आर्मेचर फिरलं तर वायंडिंग उसकटून बाहेर येईल. म्हणून मध्ये एकेरी क्लच असतो. वाटीत निमुळत्या खाचा, प्रत्येक खाचेत एक रोलर आणि त्याला अरुंद बाजूकडे ढकलणारी बारीक स्प्रिंग. मोटर फिरवते तेव्हा रोलर अरुंद बाजूला अडकून पकड घेतात, इंजिन पुढे पळालं की रुंद बाजूला सुटतात. हे सुटं फिरणं सेकंद-दोन सेकंदांपुरतं आहे. अर्धा मिनिट तसंच चाललं की ग्रीस जळतं, घट्ट होतं, आणि थंडीत त्या चिकट्यात रोलर रुंद बाजूलाच बसून राहतात. पकड येणार कुठून? दुपारी ग्रीस सैल झालं की स्प्रिंगा त्यांना पुन्हा ढकलतात.

पिनियन अडकत का होता, ते शोधायला 12 व्होल्टचा साधा बल्ब पुरला. एक वायर सोलेनॉइडच्या 50 नंबरच्या बारीक टर्मिनलला, दुसरी बॉडीला. ट्रॅक्टर सुरू केला, चावी सोडली, बल्ब पेटलेलाच! चावी बोटाने मागे ढकलल्यावर विझला. स्विचमध्ये फवाऱ्याचं पाणी आणि माती जाऊन आतली परत आणणारी स्प्रिंग मरगळली होती, आणि ट्रॅक्टरच्या आवाजात सेल्फची किरकिर कुणाला ऐकू येणार? स्विच आणि बेंडिक्स दोन्ही बदलले, त्यानंतर त्या सेल्फची तक्रार नाही.

तुमच्याकडेही हा बल्ब लावून बघाच. चावी सोडताक्षणी विझला नाही तर नवा बेंडिक्सही जळणार, कुठल्याही कंपनीचा आणा.

'डुप्लिकेट माल' म्हणणारे ते गृहस्थ आजही काढलेला बेंडिक्स डिझेलच्या डब्यात बुडवून ब्रशने घासतात आणि 'सर्व्हिस केला' म्हणून बिलात लावतात. क्लचमधलं ग्रीस कारखान्यात भरलेलं असतं, आयुष्यभरासाठी. डिझेलने ते धुऊन गेलं की रोलर कोरडे पडतात, आणि परत भरायला वाटी उघडत नाही. वर पुन्हा स्प्लाईनवर, म्हणजे बेंडिक्स ज्या खाचांवरून सरकतो तिथे, व्हीलबेअरिंगचं जाड ग्रीस थापायचं, म्हणजे क्लचची धूळ त्यात बसून लेप होतो. बेंडिक्स कोरड्या फडक्याने पुसायचा. संपला विषय. हाताने फिरवून 'लॉक होतोय की' असं दाखवतील, त्यालाही भुलू नका. हाताच्या जोरावर धरणारा क्लच कॉम्प्रेशनच्या जोरावर सुटतो. पिनियन तांब्याची पट्टी लावून व्हाइसमध्ये धरा, स्प्लाईनमध्ये जुनं आर्मेचर घालून झटका द्या, मग कळतं.

नवा घेताना जुना सोबत न्या. दात, स्प्लाईन, लांबी, पिनियनचा बाहेरचा व्यास आणि फिरण्याची दिशा, सगळं जुळलं पाहिजे. एका दाताचा फरक रिंग खाऊन टाकतो. तोंडाकडचा बुश, म्हणजे शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ती नळी, ढिला असेल तर तोही बदला, नाहीतर पिनियन तिरका बसून एका कडेने झिजतो. नवा बुश 24 तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून मगच ठोका. जोडून झाल्यावर मोटरची जाड वायर सोलेनॉइडवरून सोडा, 50 ला प्लस द्या, बॉडी आणि ते रिकामं झालेलं टर्मिनल दोन्ही मायनसला. पिनियन बाहेर येईल. तो आणि पुढचा स्टॉप यात फट राहायला हवी, बऱ्याच सेल्फमध्ये अर्धा ते साडेतीन मिलिमीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. दहा सेकंदांच्या वर करंट ठेवू नका, कॉइल तापते.

रिंगच निघाली तर काम मोठं, गिअरबॉक्स उतरतो. नवी रिंग सगळीकडून सारखी, साधारण 200 ते 230 अंश तापवून थंड फ्लायव्हीलवर बसवतात. गॅसवेल्डिंगच्या ज्योतीने लाल करणाऱ्याकडे देऊ नका, दात मऊ पडतात. दातांची तासलेली बाजू पिनियन शिरतो तिकडे. जुनीच रिंग काढून पाव फेरी फिरवून बसवता येते, पण सेन्सर रिंगवरून खूण वाचत असेल तर जागा हलवायची नाही.

आणि हो, तुमचा सेल्फ लहान, गिअर रिडक्शनचा असेल तर मी वर जे बेंडिक्स-बेंडिक्स केलं ते थोडं थांबवा. त्यात मोटर आणि बेंडिक्सच्या मध्ये प्लॅनेटरी गिअर असतात, बाहेरची दातेरी रिंग बऱ्याचदा प्लॅस्टिकची. ती तडकली तरी हुबेहूब अशीच घुर्र येते. ती निघाली तर तो सेट मिळतो का ते आधी विचारा, नाही मिळाला तर मात्र तुमच्या मेकॅनिकचं ऐकावं लागेल. फार जुन्या गाड्यांत सोलेनॉइडने न ढकलता आट्यांवरून झेपावणारा पिनियन असतो, त्याच्या आट्या कोरड्याच ठेवायच्या. बाकीच्यांत स्प्लाईनवर थंडीत न गोठणाऱ्या पातळ ग्रीसचा नुसता हात चालतो.

खर्च सेल्फच्या मॉडेलवर आहे. बॉडीवरच्या पट्टीवरचा नंबर घेऊन नाशिकच्या द्वारकेला दोन दुकानांत विचारा.