शिवारातील सौर प्रकल्प : ग्रामपंचायतीचा कर आणि कास्तकाराचे भाडे

प्रश्न (यवतमाळ जिल्ह्यातील कास्तकारांच्या पत्रांवरून) : आमच्या शिवारात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून (शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या राज्य शासनाच्या योजनेतून) सौर प्रकल्प येत आहे आणि काही जण आपली हलकी, मुरमाड वावरे भाड्याने देणार आहेत. प्रकल्पापासून ग्रामपंचायतीला कराचे उत्पन्न मिळेल काय? आणि आम्हाला मिळणाऱ्या भाड्यावर आयकर लागेल काय?

उत्तर : गावाला मिळणारा पैसा एकाच वाटेने येत नाही आणि प्रत्येक वाटेचा नियम वेगळा आहे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे 2023 पासून, प्रकल्प उभा राहिलेल्या ग्रामपंचायतीला लोकोपयोगी कामांसाठी वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षांत 15 लाख रुपयांचे अनुदान ठेवलेले आहे. ही रक्कम शासनाची असते आणि तीन वर्षांनी थांबते. कर मात्र कायद्याने मिळालेला हक्क आहे आणि तो प्रकल्प चालेल तोवर, साधारणपणे पंचवीस वर्षे, ग्रामपंचायतीच्या स्वनिधीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नात, जमा होऊ शकतो. म्हणून माझ्या मते गावाने अधिक लक्ष कराकडे द्यावे.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 नुसार शेतसारा लागणाऱ्या जमिनीवर ग्रामपंचायत कर घेत नाही, परंतु इमारतींवर घेते, मग ती इमारत शेतजमिनीवर उभी असली तरीही. प्रकल्पाच्या कुंपणाआत नियंत्रण कक्ष, कार्यालय, भांडारगृह, पहारेकऱ्याची खोली अशी पक्की बांधकामे असतात. ती ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, चढली तरच नमुना 9 मध्ये त्यांची मागणी निघते. (ग्राम महसूल अधिकाऱ्याकडील, म्हणजे तलाठ्याकडील, 8अ हा खाते उतारा निराळा असून त्याचा या कराशी संबंध नाही.) बांधकाम पूर्ण होताच सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांनी प्रत्यक्ष मोजमाप घेऊन नोंद करावी. पॅनेलखालच्या जमिनीची आकारणी कशी करायची, याबाबत गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी मार्गदर्शन घ्यावे आणि तोंडी सांगण्यावर विसंबू नये. कंपनीने देवळाला रंग दिला किंवा शाळेला पंखे दिले, तर ते आनंदाने स्वीकारावे, पण त्याच्या बदल्यात कर सोडल्याचा ठराव ग्रामसभेने कदापि करू नये, कारण अशी भेट एकदाच मिळते आणि कर दरवर्षी मिळतो.

स्वनिधीतील 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. उरलेल्या रकमेतून काय करायचे ते गाव ठरवते. पावसाळ्यात बैलगाडीही जात नाही अशा पांदण रस्त्यावर मुरूम टाकणे आणि प्रकल्पाच्या कुंपणामुळे अडलेले नाल्याचे पाणी खालच्या वावरांत शिरू नये म्हणून चर काढणे, ही दोन कामे मी आधी घेईन. शेजारच्या कास्तकाराची तूर प्रकल्पामुळे पाण्यात बुडू लागली, तर कराचे उत्पन्न त्याच्या काही कामाचे नाही.

आता भाड्याविषयी. योजनेत भाड्याचा दर वर्षाला हेक्टरी किमान 1,25,000 रुपये असून मूळ दरावर दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. एकरी हिशेब केला तर हे सुमारे 50,000 रुपये होतात. आपल्याकडचे बरेच कास्तकार असे धरून चालतात की जमीन शेतीची आहे, तेव्हा तिचे भाडेही करमुक्त असणार. हा समज चुकीचा आहे. जमिनीचे भाडे शेती उत्पन्न ठरण्यासाठी त्या जमिनीवर प्रत्यक्ष शेती व्हावी लागते, आणि पॅनेल बसल्यावर ती होत नाही. त्यामुळे हे भाडे आयकरास पात्र उत्पन्नात धरले जाते. तथापि घाबरण्याचे कारण नाही, कारण आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाख रुपयांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्या व्यक्तीला अशा भाड्यावर सवलतीमुळे कर द्यावा लागत नाही. भाडे ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास कंपनी 10 टक्के रक्कम आधीच कापून शासनाकडे भरते आणि पॅन दिलेला नसल्यास ही कपात 20 टक्के होते. कापलेली रक्कम परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते, म्हणून करारावर सही करण्यापूर्वी पॅन आणि बँक खाते एकाच नावाने असल्याची खात्री करावी.

यातून पीएम-किसानविषयी शंका निघते. नुसते विवरणपत्र भरल्याने कोणी अपात्र ठरत नाही, परंतु मागील कर निर्धारण वर्षात ज्याने प्रत्यक्ष आयकर भरला त्याला लाभ मिळत नाही. तसेच बिगरशेती वापरातील जमीन या योजनेत धरली जात नसल्यामुळे सगळेच वावर भाड्याने न देता काही क्षेत्र स्वतःच्या वहितीखाली ठेवावे.

ज्यांची जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली) किंवा आदिवासी खातेदाराची आहे, त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करार करू नये. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असल्यास बँकेचे ना हरकत पत्र आधी घ्यावे. ग्रामपंचायतीचा कर कंपनीच भरेल, जमीनमालकाकडून त्याची वसुली होणार नाही, असे वाक्य नोंदणीकृत भाडेपट्ट्यात स्पष्ट लिहून घ्यावे.