डोंगल यूएसबी बसवरून उतरतंय की नुसतं नेट जातंय, हे आधी ठरवा

तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी साइट, म्हणजे पाण्याच्या टाकीवरची कामाची जागा, डोळ्यांसमोर आली. तुमचीही मांडणी तीच: रास्पबेरी पाय ३ (छोटा एका बोर्डाचा संगणक), यूएसबीला फोरजी डोंगल (सिम घालून मोबाईल नेट देणारं), १२ व्होल्टच्या बॅटरीवरून वीज, सगळं लोखंडी पेटीत. घरी टेबलावर आठवडाभर चालतं, साइटवर नेलं की दोन-चार तासांत नेट जातं, रीबूट केलं की येतं. खालच्या प्रतिसादांत कोणी नेटवर्कमॅनेजर (नेट जोडणारा प्रोग्राम) पुन्हा टाका म्हणतंय, कोणी डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदला म्हणतंय. यातलं काहीही आत्ता करू नका.

एपीएन (मोबाईल कंपनीच्या नेटची सेटिंग), रिचार्ज, सिम हे तुम्ही पाहिलं असणारच, त्यात जात नाही.

पुढच्या वेळी नेट गेलं की रीबूट न करता डीमेसेज (कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग) बघा. 'यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर अमुक' अशी ओळ असेल तर डोंगल बसवरूनच, म्हणजे यूएसबीच्या जोडणीवरूनच, उतरलंय, आणि मग तुमच्या आयपी, राउट, डीएनएसचा त्यात काही संबंध नाही. ओळ नसेल तर डोंगल जागेवर आहे आणि बिघाड वरच्या थरात आहे. हे दोन पूर्णपणे वेगळे आजार आहेत. लोक महिनोन्‌महिने एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतात, कारण रीबूट दोन्हींवर चालतो. रीबूटमुळे पुरावाही जातो. जर्नल (सिस्टिमचा साठवलेला लॉग) फक्त रॅममध्ये राहत असेल तर जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये स्टोरेज पर्सिस्टंट करून ठेवा, म्हणजे गेल्या बूटचा लॉग हाती राहील.

'आयपी अ‍ॅड्रेस दिसतोय, म्हणजे कनेक्शन आहे' असं तुम्ही लिहिलंय. राउटर-पद्धतीच्या डोंगलमध्ये तो अ‍ॅड्रेस डोंगल स्वतःच देतं. टॉवरशी संबंध तुटला तरी १९२.१६८ ने सुरू होणारा तो आकडा तसाच राहतो. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता तुमच्या लक्षणांवरून माझा अंदाज. अंदाजच आहे, तुमची पेटी मी पाहिलेली नाही. साइटवरच होतं, घरी होत नाही, आणि 'डिस्क्रिप्टर रीड' (बोर्डाने डोंगलची ओळख वाचणं) च्या पुढे उणे ७१ ची एरर येते असंही तुम्ही म्हटलंय. उणे ७१ म्हणजे प्रोटोकॉल एरर, उणे ११० म्हणजे टाइमआउट. साइट बदलली की या एरर येत असतील तर मी आधी व्होल्टेज तपासेन, मग केबल, आणि ड्रायव्हरकडे सगळ्यात शेवटी वळेन.

साइट बदलल्याने फरक का पडतो, ते सांगतो, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सिग्नल कमजोर असला की मोडेम जास्त जोराने प्रक्षेपण करतो. गावात, टॉवरच्या जवळ, त्याला फार जोर लावावा लागत नाही. टेकडीआडच्या टाकीवर तो कमाल मर्यादेला जातो. फोरजीत ही मर्यादा साधारण २३ डीबीएम, म्हणजे अँटेनातून २०० मिलिवॅट, आणि तेवढे बाहेर काढायला आतला अ‍ॅम्प्लिफायर कितीतरी जास्त खातो. डोंगल टूजीवर उतरलं तर आणखी वाईट: ९०० मेगाहर्ट्‌झच्या टूजीत मर्यादा २ वॅट आहे आणि करंट झटक्याझटक्याने ओढला जातो. यूएसबी २.० च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर अपेक्षित असतात. पाय ३ चे चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात, तेही मागून पुरवठा नीट असेल तर.

माझे सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते डोंगलच्या सर्व्हिस सेंटरने. नाव लिहीत नाही. काम गावच्या पाणी योजनेचं होतं, टाकीची पातळी कळवणारी यंत्रं. डोंगल नेलं की काउंटरवरचा मुलगा ते लॅपटॉपला लावायचा, वेबपान उघडून दाखवायचा आणि 'दोष आढळला नाही' असा शिक्का मारून परत द्यायचा. सेंटर शहरात, खिडकीतून टॉवर दिसतो, लॅपटॉपचा पोर्ट दणकट. तिथे ते बिघडणारच नाही! मी एकच प्रश्न लेखी विचारला होता: कमजोर सिग्नलला या उपकरणाचा कमाल करंट किती? बॉक्सवर नाही, पत्रकात नाही. उत्तर आलं की लिनक्स आमच्या यादीत नाही, विंडोजवर वापरून पाहा. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. त्या आकड्याला ऑपरेटिंग सिस्टिमशी काय देणंघेणं? तो आकडा कळला असता तर त्याच दिवशी पुरवठा बदलला असता. त्याऐवजी पावसाळा गेला. टाकी भरली की नाही ते बघायला योजनेवरचे कर्मचारी भर पावसात ओल्या लोखंडी शिडीवर चढत होते. त्यांतलं कोणी पडलं असतं तर? याचा राग मला अजून आहे. उपकरण विकणाऱ्याने त्याचा कमाल करंट छापलाच पाहिजे, यावर माझं मत बदलणार नाही.

आता कामाचं. व्हीसीजेनकमांड या पायवरच्या आज्ञेला 'गेट थ्रॉटल्ड' विचारा, म्हणजे व्होल्टेज पडल्याची खूण लागली आहे का ते कळेल. उत्तर शून्य असेल तर बोर्डाचं व्होल्टेज पडलेलं नाही. पाचावर चार शून्यं आली तर याचा अर्थ आत्ता ठीक आहे, पण बूटपासून कधीतरी पडलं होतं. पाय ३ मध्ये ही खूण ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यावर लागते. पण शून्य आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण हे मोजमाप बोर्डावरचं आहे, केबलच्या पलीकडच्या टोकाचं नाही. साधा मल्टिमीटरही सरासरी दाखवतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही. ऑसिलोस्कोप (क्षणाक्षणाचं व्होल्टेज दाखवणारं यंत्र) मिळाला तर डोंगलच्या टोकाशी लावा.

डोंगल गेलं त्याच सेकंदाला इथरनेटही (तारेचं नेटवर्क) गेलं का, हेही लॉगमध्ये बघा. पाय ३ मध्ये इथरनेट आणि चारही यूएसबी पोर्ट एकाच चिपवर आहेत. दोन्ही एकदम गेले तर मूळ वर आहे, म्हणजे पुरवठ्यात. एकटं डोंगल गेलं तर पोर्ट, केबल किंवा डोंगल.

केबलचं विशेष सांगतो, कारण तुम्ही सिग्नलसाठी डोंगल दीड मीटरच्या एक्स्टेन्शनने पेटीबाहेर काढलंय. केबलवरची बारीक छपाई वाचा. एडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी तार बारीक. २८ एडब्ल्यूजी तार मीटरला साधारण ०.२१ ओहम असते. जाऊन-येऊन तीन मीटर, म्हणजे ०.६४ ओहम. ०.७ अँपिअर ओढला की ०.४५ व्होल्ट तारेतच गेले. २४ एडब्ल्यूजी असेल तर तेच नुकसान ०.१८ व्होल्टच्या आसपास येतं. छपाईत अनेकदा दोन आकडे असतात, एक डेटाच्या जोडीचा, एक विजेच्या तारांचा, विजेचा बघायचा. एकच २८ छापलेला असेल तर ती केबल तिथून काढा. माझं मत विचाराल तर डोंगल पेटीत बोर्डाजवळ ठेवा आणि बाहेर फक्त अँटेना काढा, अर्थात डोंगलला अँटेनाची खाच असेल तर.

१२ वरून ५ करणारा कन्व्हर्टर कोणता आहे? एलएम२५९६ या चिपची स्वस्त पट्टी असेल तर तिच्यावरच्या '३ अँपिअर' वर विसंबू नका. हीटसिंकशिवाय, बंद पेटीत, एप्रिल-मेच्या उन्हात ती तेवढं देत नाही. पाय ३ चा अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा आहे; तो वरचा ०.१ व्होल्ट उगाच नाही. मी शेवटी डोंगलला स्वतःचा पुरवठा असलेल्या यूएसबी हबवर (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या पेटीवर) टाकलं आणि बसवरून उतरणं थांबलं. मात्र काही हब उलटा करंट बोर्डाकडे सोडतात. बोर्डाची वीज काढल्यावरही त्याचा लाल दिवा जळत राहिला तर तो हब परत करा.

आणखी एक गोष्ट यातच गुंतलेली आहे. व्होल्टेज पडून डोंगल रिसेट झालं की बरीच डोंगलं आधी सीडी ड्राइव्ह म्हणून उगवतात आणि यूएसबी मोडस्विच हा प्रोग्राम चालल्यावरच नेटवर्क कार्ड होतात. मोडस्विच त्या वेळी चुकलं तर एलएसयूएसबीत (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या आज्ञेत) डोंगल दिसतं, नेटवर्कचा इंटरफेस मात्र नसतो. तुम्ही लिहिलेलं 'कधीकधी दिसतं पण चालत नाही' हे तेच असावं. चालू असताना आणि बिघडल्यावर त्या यादीतला प्रॉडक्ट आयडी टिपून ठेवा, वेगळा असेल तर कळेल.

ड्रायव्हर अनबाइंड-बाइंड करणारी (उपकरणापासून सोडवून पुन्हा जोडणारी) स्क्रिप्ट तुम्हाला कोणीतरी सुचवलीय. तिने पोर्टची वीज जात नाही. डोंगलचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) अडकलं असेल तर ते अडकलेलंच राहतं. वीज खरंच तोडायची तर यूएचयूबीसीटीएल हा प्रोग्राम वापरा. पाय ३ वर चारही पोर्ट एकदमच जातात, तेवढं लक्षात घ्या. ऑटोसस्पेंडचा (रिकामं उपकरण आपोआप झोपवण्याचा) संशय बहुतेक वेळा फुकट असतो. पॉवरटॉप किंवा टीएलपी हे वीज वाचवणारे प्रोग्राम टाकले नसतील तर कर्नल हब सोडून बहुतेक उपकरणांना आपणहून झोपवत नाही. डोंगलच्या पॉवर कंट्रोलच्या फाइलमध्ये 'ऑन' (म्हणजे झोपवणं बंद) आहे का बघा आणि पुढे जा.

रोज पहाटे तीनला क्रॉनने (ठरल्या वेळी काम करणाऱ्या सेवेने) रीबूट, हा सल्ला मला मान्य नाही. चार तासांनी पडणारं यंत्र त्याने वीस तास बंदच राहतं.

डिस्कनेक्टची ओळ आलीच नाही तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. मग बहुधा मोबाईल कंपनीच्या नॅटने (अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवणाऱ्या यंत्रणेने) शांत पडलेलं कनेक्शन विसरून टाकलंय आणि तुमच्या प्रोग्रामला ते कळलेलं नाही. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते विचारणारा संदेश) मुळात ७२०० सेकंदांवर असतो, म्हणजे दोन तास, आणि प्रोग्रामने तो मागितला तरच चालतो. एमक्यूटीटी (यंत्रांचे छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) असेल तर त्याचा स्वतःचा कीपअलाइव्ह एक-दोन मिनिटांवर आणा.

पुढच्या बिघाडाला या गोष्टी इथे टाका: डीमेसेजच्या शेवटच्या पन्नासेक ओळी, गेट थ्रॉटल्डचं उत्तर, एलएसयूएसबीची यादी, केबलवरची छपाई आणि कन्व्हर्टरचा फोटो. लॉगमधला आयएमईआय (डोंगलचा ओळख क्रमांक) आणि सिम नंबर खोडून टाका. मी रात्री नऊनंतर बघतो.