पिकपूल द पिने ही वाइन कोणत्या पदार्थांबरोबर प्यावी? ती फक्त कालवांसाठीच (ऑयस्टरसाठीच) असते का?

आपण विचारले आहे की दक्षिण फ्रान्सची ही पांढरी वाइन भेट मिळाली आहे, ती कालवांबरोबरच प्यावी असे सगळीकडे सांगितले जाते, पण घरी कालवे कोणी खात नाही, तर मग काय करावे. कालवांची शिफारस खरी आहे. मात्र तिच्यामागचे कारण समजून घेतले, तर इतर पदार्थ आपले आपणच निवडता येतील.

लांग्दोक प्रांतात, सेत आणि आग्द या दोन गावांच्या दरम्यान, ‘तो’ (Thau) नावाचे खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आहे आणि भूमध्य समुद्रापासून ते वाळूच्या एका अरुंद पट्ट्याने वेगळे झाले आहे. त्याच्या उत्तर काठावर पिने, मेझ, पोमेरोल अशा गावांभोवती पिकपूल ब्लां या द्राक्षाच्या वाणाच्या बागा आहेत, आणि या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनमध्ये दुसऱ्या कोणत्याही वाणाची द्राक्षे मिसळण्यास परवानगी नाही. हा वाण उशिरा पिकतो आणि कडक उन्हातही आपला आंबटपणा टिकवून धरतो. दक्षिणेकडील अनेक पांढऱ्या वाइन उन्हामुळे जड आणि सपक होतात; ही होत नाही, आणि माझ्या मते तिचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. दुपारी सरोवरावरून येणारा वारा बागांचा ताप कमी करतो, त्याचाही यात वाटा आहे. पूर्वी कोतो द्यु लांग्दोक या मोठ्या नामांकनाखाली (म्हणजे ठरावीक प्रदेशाच्या कायद्याने संरक्षित नावाखाली) येणाऱ्या या वाइनला 2013 मध्ये स्वतंत्र नामांकन मिळाले. त्याच काठावरच्या मार्सेयां गावी नुआयी प्रा हा प्रसिद्ध व्हरमूथ (वनौषधींनी सुवासित केलेली वाइन) तयार होतो आणि त्यासाठीही पिकपूलची द्राक्षे वापरली जातात.

आता कालवांविषयी. याच सरोवरात, काठावरच्या बुझिग गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कालवांची शेती होते. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसल्यामुळे येथील कालवे दोरांना सिमेंटने चिकटवून लाकडी किंवा लोखंडी चौकटींवरून पाण्यात सोडतात, आणि ती वाढत असताना सतत पाण्याखालीच राहतात. त्यांची चव खारट, किंचित गोडसर आणि भरीव असते. वाइनचा आंबटपणा येथे लिंबाचे काम करतो: खारटपणा सौम्य वाटू लागतो, तोंड स्वच्छ होते आणि पुढचा घास ताज्या चवीने खाता येतो. लाल वाइनमध्ये हे साधत नाही, कारण तिच्यात विरघळलेले लोह जास्त असले, तर सागरी अन्नाबरोबर धातूसारखी, हिवस चव येऊ शकते.

कालवे न खाणाऱ्यांसाठीही त्याच किनाऱ्यावर पुष्कळ पदार्थ आहेत. सेतची तिएल ही ऑक्टोपस आणि तिखटसर टोमॅटो भरलेली गोल पाव-कचोरी इटालियन स्थलांतरितांनी तेथे नेली. तिच्या तेलकट, मसालेदार सारणाला ही वाइन चांगली साथ देते. मंकफिश हा मासा आणि आयोली (लसूण व तेलाचे दाट सॉस) यांचा बूरीद नावाचा रस्सा, तसेच द्राक्षवेलींच्या काटक्यांवर भाजलेल्या काळ्या शिंपल्यांची ब्राझुकाद, हे दोन्ही पदार्थ मला कालवांपेक्षाही अधिक रुचतात, कारण आयोलीतला स्निग्धपणा किंवा धुराची चव आली की वाइनला खरोखर काम मिळते. सेव्हेन भागातील पेलार्दोन हे शेळीच्या दुधाचे लहान, गोल चीजही अवश्य आणावे. शाकाहारी मंडळींना माझा पहिला सल्ला हाच राहील.

आपल्या स्वयंपाकघरापुरते सांगायचे, तर रव्यात घोळवून तळलेले बोंबील, सुरमई किंवा कोलंबी हिच्याबरोबर निःसंशय चांगली लागते, कारण खारटपणा, तेल आणि कुरकुरीतपणा हे तिन्ही येथे आहेत. मात्र आमसुलाच्या किंवा चिंचेच्या आंबट रश्शाबरोबर ती घेऊ नये. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन बेचव लागते, आणि फार तिखटामुळे तिचा अल्कोहोल जाळल्यासारखा वाटतो. तसेच मांसाचे जड रस्से किंवा लांग्दोकचेच कासुले (पांढरा घेवडा आणि मांस घालून शिजवलेला जड पदार्थ) तिच्याबरोबर नको. त्यांना लांग्दोकमधील कोर्बिएर किंवा मिनेर्व्हुआ भागाची लाल वाइन शोभते.

बाटलीवरचे वर्ष आधी पाहावे. ही वाइन बहुतेक वेळा साठवण्यासाठी नसते. तोडणीनंतर दोन-तीन वर्षांच्या आत, 8 ते 10 अंश सेल्सिअसला थंड करून ती प्यावी. त्याहून अधिक गार केल्यास तिचा लिंबू आणि पांढऱ्या फुलांचा हलका गंध दबून जातो, म्हणून शीतकपाटातून काढून काही मिनिटे बाहेर ठेवल्यानंतरच ती ओतावी.