लाईट गेल्यानंतरचे काही सेकंद

प्रश्न : मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या अभ्यासभेटीत सांडपाण्याचं एक पंपिंग स्टेशन पाहिलं. आम्ही आत असतानाच वीज गेली. थोड्याच वेळात कोणी हात न लावता जनरेटर सुरू झाला आणि एकेक पंप फिरायला लागला. तेव्हापासून हेच काम करावंसं वाटतंय. पण मैत्रिणी सॉफ्टवेअरकडे वळल्या आहेत आणि बाबा म्हणतात, 'पंप चालू-बंद करायला एवढं शिक्षण कशाला?' यात पुढे वाव आहे का? काय शिकू?

उत्तर : तुझ्या पत्रातला 'एकेक' हा शब्द मी पुन्हा वाचला. बहुतेकांनी नुसतं 'पंप सुरू झाले' असं लिहिलं असतं. सगळे पंप एकदम का सुरू झाले नाहीत, इथूनच हे काम सुरू होतं, म्हणून उत्तरही तिथूनच देतो.

मोटर थेट सप्लायवर टाकली तर सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच ते सात पट करंट ओढते. मेन्सला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेला, हा झटका सहसा झेपतो, जनरेटरला जड जातो. व्होल्टेज बसतं, कॉन्टॅक्टर (मोटर जोडणारे, विजेवर चालणारे स्विच) सुटतात आणि आधीचा चालू पंपही बंद पडतो. म्हणून मोटर हळूहळू वेगात आणणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा तिचा वेग कमीजास्त करणारा व्हीएफडी लावतात आणि दोन पंपांच्या मध्ये काही सेकंद ठेवतात. सेकंदाला 100 लिटर पाणी 30 मीटर उचलायला साधारण 29.4 किलोवॅट लागतात. पंपाची कार्यक्षमता 75 टक्के धरली तर पंपाच्या शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) 39 किलोवॅट. पण जनरेटर केवढा घ्यायचा हे एवढ्यावर ठरत नाही. बाकीचे पंप चालू असताना शेवटचा पंप सुरू होतो, तो क्षण त्याने सोसला पाहिजे.

आता पाण्याचा विचार कर, कारण इलेक्ट्रिकलची मुलं नेमकं तेच विसरतात. लांब पाइपलाइनवर पंप अचानक ट्रिप झाला की पाण्याच्या धावत्या स्तंभाचा वेग एकदम तुटतो आणि दाबाची लाट पाइपातून पुढेमागे धावते. निकोलाय झुकोव्स्की यांनी 19 व्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून याचं गणित मांडलं. लोखंडी पाइपात ही लाट सेकंदाला हजार मीटरच्या आसपास वेगाने जाते. प्रवाहाचा वेग एका झटक्यात सेकंदाला 1 मीटरने बदलला, तर दाबात सुमारे 100 मीटर उंच पाण्याएवढा फरक पडतो. त्यात पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसला नसेल तर मागे येणारं पाणी पंपाला उलटं फिरवतं, आणि उलट्या फिरणाऱ्या पंपाला सप्लाय दिला तर शाफ्ट तुटू शकतो. म्हणजे 'वीज आली की लगेच पंप चालू कर' एवढाच प्रोग्रॅम लिहिणारा माणूस स्टेशनचं नुकसान करू शकतो. किती थांबायचं हे पाइपलाइन ठरवते, आणि ते समजून टायमर लावणारी माणसं मला कमी भेटतात. तू ती हो, एवढंच माझं म्हणणं आहे. सॉफ्टवेअर की इलेक्ट्रिकल असा प्रश्नच इथे उरत नाही, दोन्ही लागतात.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं पॅनेलच्या (पंप चालवणाऱ्या विजेच्या कपाटांच्या) देखभालीत होतो. एका स्टेशनवर रात्री वीज गेली, जनरेटर व्यवस्थित सुरू झाला, पण पंप ढिम्म. पीएलसीचा, म्हणजे पंपांना हुकूम देणाऱ्या छोट्या संगणकाचा, सप्लाय चेंजओव्हरच्या (मेन्सवरून जनरेटरवर नेणाऱ्या स्विचच्या) अलीकडून, मेन्सच्या बाजूने घेतलेला होता. जनरेटर गुरगुरत होता आणि त्याच्या जिवावर काय चालवायचं हे सांगणारा मेंदूच झोपलेला होता. पाणी वेट वेलच्या (सांडपाणी जमा होणाऱ्या विहिरीच्या) काठापर्यंत आलं तेव्हा आम्ही पंप हाताने सुरू केले. एक तार कुठून घेतली, एवढाच दोष.

11 मार्च 2011 ला फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रातही प्रश्न शेवटी थंड पाणी फिरवत ठेवण्याचाच होता. भूकंपाने बाहेरची वीज तुटली, डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले आणि तासाभराच्या आत त्सुनामीचं पाणी आत शिरलं. बहुतेक जनरेटर आणि स्विचगिअर (वीज वाटणारी स्विचांची यंत्रणा) तळघरांत होते. अनेक बॅटऱ्याही बुडाल्या, मीटर बंद पडले. शेवटी कर्मचाऱ्यांनी गाड्यांच्या बॅटऱ्या जोडून आकडे वाचले. उंचावर बसवलेला, हवेने थंड होणारा एक जनरेटर वाचला आणि त्याने पाच व सहा क्रमांकाच्या अणुभट्ट्या सावरल्या. पंपिंग स्टेशन तर बांधतातच सखल जागी. पॅनेल किती उंचीवर ठेवायचं हा तिथे स्थापत्यवाल्यांवर सोडून द्यायचा प्रश्न नाही.

शिकायला सुरुवात रिलेपासून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचपासून, कर. दोन कॉन्टॅक्टर घेऊन असं इंटरलॉक स्वतः वायर कर की मेन्स आणि जनरेटर कधीच एकत्र येणार नाहीत. मग तेच लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या आकृत्यांच्या भाषेत, लिही. पाण्याची पातळी पीएलसीला कळवणारा 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल शून्यापासून का सुरू होत नाही हे समजून घे. तार तुटली की शून्य येतं, आणि 'टाकी रिकामी' व 'तार तुटली' यांतला फरक पीएलसीला तेवढ्यावरूनच कळतो. हायड्रॉलिक्सचा पेपर पास होण्यापुरता वाचला असशील, तर पुन्हा वाच.

बाबांचं म्हणणं ऑपरेटरच्या कामापुरतं धरलं तरी मला पटत नाही. चांगला ऑपरेटर आवाजावरून बिघडलेलं बेअरिंग ओळखतो. शिवाय तुझ्यापुढे पॅनेल बनवणं, ऑटोमेशन, जनरेटर सर्व्हिसिंग, पाणीपुरवठ्याची देखभाल अशा कितीतरी वाटा आहेत. काम सोपं नाही, हेही त्यांना सांग. फोन येतो तो रात्री आणि भर पावसात, कारण वीज तेव्हाच जाते. आणि सांडपाण्याच्या विहिरीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. गॅस तपासल्याशिवाय आणि वर माणूस उभा असल्याशिवाय कोणीही सांगितलं तरी खाली उतरायचं नाही. ही एक गोष्ट मी तुला विनंती म्हणून नाही, अट म्हणून सांगतो.

मुलाखतीला गेलीस की तूही एक प्रश्न विचार : तुमचा जनरेटर लोडवर, म्हणजे प्रत्यक्ष भार देऊन, शेवटचा कधी चालवला होता? आणीबाणीच्या वीजपुरवठ्यासाठीच्या अमेरिकेच्या एनएफपीए 110 या मानकात महिन्यातून एकदा किमान 30 मिनिटं, क्षमतेच्या निदान 30 टक्के भारावर चालवण्याची चाचणी दिली आहे. नुसता रिकामा फिरवला तर न जळलेलं डिझेल आणि काजळी इंजिनात साचत जाते. समोरच्याने लॉगबुक काढून तारीख दाखवली, तर पगार थोडा कमी असला तरी तिथेच रुजू हो.