रात्री वेळेवर झोप लागत नाही आणि दिवसभर मरगळ असते. उजेड आणि झोपायच्या खोलीतल्या सवयी बदलून खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि चांगलाच पडतो. तुम्ही लिहिलंय की अकराला अंथरुणाला पाठ टेकली तरी एक-दीडपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळी गजर पुन्हा पुन्हा पुढे ढकलावा लागतो आणि दुपारी डोळ्यांवर झापड येते. अशी तक्रार असली की माणसं आधी रात्रीच्या मागे लागतात, गादी बदलतात, उशी बदलतात. मी तुम्हाला सकाळपासून सुरुवात करायला सांगेन.

आपल्या शरीरातलं घड्याळ बरोबर २४ तासांचं नसतं. सरासरी पाहिली तर त्यावर दहा-बारा मिनिटं जास्तच असतात. त्याला त्याच्या मर्जीवर सोडलं की ते रोज थोडं मागे पडतं आणि झोप उशिरा येऊ लागते. ते रोज जुळवून घ्यायचं मुख्य काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, ज्यांचं मुख्य काम बाहेर दिवस आहे की रात्र ही खबर मेंदूला देण्याचं. निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. सकाळी उजेड मिळाला की रात्रीची झोप अलीकडे सरकते, रात्री उशिरा मिळाला की पलीकडे.

आता गंमत अशी की उजेडाच्या बाबतीत आपल्या अंदाजावर भरवसा ठेवता येत नाही. दिवे लावलेली खोली लख्ख वाटते, पण मोजायला गेलं तर तिथे साधारण १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतात. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी हजारो लक्स असतात, भर उन्हात तर एक लाखापर्यंत. पटत नसेल तर फोनवर लक्स मोजणारं ॲप घ्या. आधी खोलीच्या मध्यभागी, मग खिडकीला लागून आणि मग बाहेर उभे राहून आकडा बघा. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, पण फरक बघून तुम्ही स्वतःच बाहेर पडाल.

तर उठल्यावर पहिल्या तासाभरात अर्धा तास बाहेर काढा. चाला, नुसते उभे राहा, कुणाशी बोला, काहीही चालेल. फक्त सूर्याकडे टक लावून बघू नका. उजाडायच्या आधी उठावं लागत असेल तर तोवर घरातले दिवे लावा आणि उजाडलं की बाहेर जा. उठायची वेळ मात्र सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. सगळ्यात जड हेच जातं, पण माझ्या मते सगळ्यात जास्त गुणही याचाच येतो.

संध्याकाळी याच्या उलट करायचं. झोपण्याआधीचे दोन तास छताचे दिवे बंद ठेवा आणि एखादा पिवळसर, मंद दिवा खाली, डोळ्यांच्या पातळीखाली लावा. सगळे फोनला दोष देतात, पण डोक्यावरच्या मोठ्या दिव्याकडे कुणी बघतच नाही. फोनचा त्रास त्याच्या उजेडापेक्षा त्यातल्या मजकुराचा जास्त, असं मला वाटतं. स्क्रीन पिवळी केली म्हणून तो त्रास जात नाही. फोन खोलीबाहेर चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या. २०१३ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना आठवडाभर तंबूत, विजेच्या दिव्यांशिवाय ठेवलं होतं. त्यांच्या शरीरात रात्रीचं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण शरीराला देणारं संप्रेरक, जवळपास दोन तास आधी वाढायला लागलं. आपल्याला तंबूत राहायची गरज नाही, पण दिवसा भरपूर उजेड आणि रात्री अंधार हा फरक घरातही बराच आणता येतो.

खोलीचं म्हणाल तर दिवे घालवून दहा मिनिटं नुसते पडून राहा आणि मग आजूबाजूला बघा. चार्जरचा ठिपका, राउटरचे लुकलुकणारे दिवे, पडदा आणि भिंत यांच्यामधली उजेडाची पट्टी, सगळं तेव्हाच दिसतं. ठिपक्यांवर काळी चिकटपट्टी लावा, पडद्याची कड भिंतीला टाचा. खोली थंड असू द्या. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरत असतं, त्याला मदत होते. झोपण्याच्या दीडेक तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केली तरी बरं. त्वचेकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते.

तुमच्यासाठी एक खास गोष्ट सांगतो. सध्या अकराला आडवं होऊच नका. तुमचं घड्याळ अजून त्या वेळेला तयार नाही. त्यामुळे दोन तास कूस बदलण्यात जातात आणि अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा, अशी शरीराला सवय लागते. साडेबाराला जा, उठायची वेळ तीच ठेवा. पटकन झोप लागायला लागली की दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. मध्येच जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागेना, तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करत बसा. पेंग आली की परत जा. घड्याळाकडे बघायचं नाही, त्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवा.

दुपारची पेंग थोडीफार सगळ्यांनाच येते. तेव्हा कॉफी घेण्यापेक्षा पुन्हा दहा मिनिटं उन्हात जाऊन या. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणजे चारला घेतलेल्या कपातलं अर्धं रात्री नऊ-दहालाही अंगात असतं. डुलकी घ्यायची तर वीस मिनिटं, आणि तीनच्या आत.

दोन-तीन आठवडे हे नेटाने करून बघा. मात्र मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, रात्री पायांत अस्वस्थ वळवळ होणं किंवा गाडी चालवताना डोळे मिटणं यातलं काही असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि झोप पुरेशी होऊनही मरगळ हटत नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासायचं का, हे त्यांना विचारा.