बासची जागा रिकामीच ठेव

प्रिय मुली,

तू पाठवलेली तिन्ही गाणी ऐकली. दुसरं चारदा ऐकलं. तू आणि तुझा ड्रमवाला अशा दोघांनीच अल्बम केला तर तो अर्धवट वाटेल का, खालच्या सुरांची बास गिटार वाजवायला कुणाला बोलवावं का, असं तू विचारलं आहेस. बोलवू नकोस. का, ते सांगतो.

अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन नावाचं, एकेकाळी टायरच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं शहर आहे. तिथल्या डॅन ऑरबाख आणि पॅट्रिक कार्नी या दोघांनी ‘द ब्लॅक कीज’ हा बँड काढला. एकाची गिटार आणि गळा, दुसऱ्याचे ड्रम्स. २००३ सालच्या ‘थिकफ्रीकनेस’ या अल्बमचा बहुतेक भाग त्यांनी कार्नीच्या तळघरात, जुन्या आठ ट्रॅकच्या रेकॉर्डिंग मशीनवर, एका बैठकीत चौदा तासांत उरकला. पुढच्या वर्षीच्या ‘रबर फॅक्टरी’साठी एका बंद पडलेल्या टायरच्या कारखान्यात सामान चढवलं आणि तिथेच वाजवलं. हे अल्बम हेडफोन लावून ऐक. गिटार आणि ड्रम्स यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, तिथे ती खोली वाजते. तिसरा माणूस आला की आधी ती जागा जाते.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. तरुणपणी एका मित्राबरोबर चार गाणी केली होती. पोकळ वाटतात म्हणून त्यांत ऑर्गन घातला, दुसरी गिटार घातली, कोरस घातला. गाणी गिचमिड झाली. मित्राचा आवाज त्यात असा बुडाला की आजही त्या टेप ऐकवत नाहीत.

मग खालचे सूर कुठून आणायचे? अंगठ्यातून. अमेरिकेतल्याच मिसिसिपी राज्याच्या उत्तरेकडच्या टेकड्यांमधला ज्युनियर किम्ब्रो ऐक, ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीतातला गायक-गिटारवादक. तिथे त्याचा जूक जॉइंट, म्हणजे गाण्याबजावण्याचा साधा अड्डा होता, रविवारी रात्री लोक नाचायला जमायचे. त्याचा पहिला पूर्ण अल्बम १९९२ साली आला, साठी उलटल्यावर. कॉर्ड जवळपास एकच, जाड तार सतत घुमत राहते आणि वरच्या तारांवर चाल फिरत राहते. एकतारीवरचं भजन कानावर पडलेल्या माणसाला हे लगेच कळतं. तुझा अंगठा मात्र दर चौथ्या मात्रेला थबकतो. महिनाभर फक्त अंगठा घोट, बाकी बोटं बांधून ठेव.

तुमच्या दुसऱ्या गाण्याची चाल किम्ब्रोच्या वळणाची आहे. लाजू नकोस, पण कव्हरवर त्याचं नाव ठळक लिही. ब्लॅक कीजनी २००६ साली ‘चुलाहोमा’ नावाची अख्खी रेकॉर्ड त्याच्याच गाण्यांची केली. तिच्या शेवटी किम्ब्रोच्या बायकोने फोनवर ठेवलेला निरोप आहे. ऋण असं मानायचं.

आता ‘दलदली’बद्दल. गाणं स्वॅम्पी व्हावं म्हणून तू ट्रेमोलो (आवाजाची थरथर) आणि रिव्हर्ब (घुमारा) भरपूर ओतलास. हा बाज अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियाना राज्याचा. क्राउली गावात जे. डी. मिलरच्या स्टुडिओत स्लिम हार्पो, लाइटनिन स्लिम ही ब्लूजवाली मंडळी रेकॉर्ड करायची. लेझी लेस्टर तिथे हार्मोनिका तर वाजवायचाच, शिवाय पुठ्ठ्याच्या खोक्यावर गुंडाळलेलं वर्तमानपत्र आपटून ठेकाही धरायचा. तो जडपणा यायचा संथ लयीतून, मागे रेलून वाजवण्यातून. तुमचं पहिलं गाणं आहे त्याहून सावकाश घ्या आणि रिव्हर्ब निम्म्याने उतरव. ड्रमवाल्याला सांग, झांजा कमी कर, मोठ्या ढोलावर भर दे.

तिसऱ्या गाण्याबद्दल तू माफी मागितली आहेस, की तुझी चप्पल फरशीवर आपटल्याचा आवाज आला. अगं, तीन गाण्यांत सगळ्यात खरा ठेका तोच आहे! दुसऱ्या कडव्यानंतर गिटार थांबते, तुझा श्वास ऐकू येतो आणि खाली ती चप्पल चालूच असते. तिथे माझ्या अंगावर काटा आला. ते कापू नकोस.

पुढच्या रविवारी ते गाणं पुन्हा एकदा, एका दमात घ्या. एक माइक फरशीपासून वीतभर वर ठेव आणि चप्पल तीच घाल.

तुझा,
काका